दात नसलेल्या प्राण्याला भेटून आले

आधी तक्रार करून घेते. खवले मांजर बघायचं बुकिंग करताना ‘जवळून भेट’ असं लिहिलेलं होतं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकाने त्याचा अर्थ ‘मांडीवर घ्यायचं’ असा लावला, आणि खोटं कशाला बोलू, मीही. मिळाली ती जाड काचेपलीकडची, मिणमिणत्या लाल उजेडातली वीस मिनिटं. त्यातली पहिली बारा मिनिटं आम्ही पालापाचोळ्यात पडलेला खवल्यांचा एक चेंडू बघत उभे. चेंडू श्वास घेत होता, बाकी काही नाही.

“आई, मेलंय का गं?” लेकाने कुजबुजत विचारलं. आमच्या गटाबरोबरची ताई म्हणाली, “झोपलंय. उठवायचं नाही.” मागच्या काकांनी काचेवर टकटक करायला बोट उचललं होतं, ते तिने नुसत्या नजरेने खाली आणलं. तिथे ही जागा मला पटायला लागली.

मग तो चेंडू उलगडला. आधी नाक बाहेर आलं, नंतर शेपूट सुटली. खवले मांजर चालताना पुढच्या पंजांची लांब नखं आत मुडपून घेतं, कडेवरच्या बाळाला नख लागू नये म्हणून आपण बोटं मुडपतो ना, तसंच. वाळवीच्या वारुळाचा एक तुकडा ठेवला होता, तो त्याने दोन फटक्यांत फोडला आणि जीभ आत सोडली. ती आत गेली, आणखी आत गेली, मग चकाकत बाहेर आली.

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात बघणं हाच माझा धंदा. आणि समोर हा, ज्याच्या तोंडात एकही दात नाही! जिभेचं मूळसुद्धा घशापाशी नसतं, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत गेलेलं असतं. चावायचं काम पोटाकडे. गिळलेले बारीक खडे आणि पोटाचं टणक अस्तर मिळून मुंग्या भरडतात. या प्राण्याला माझी कधीच गरज पडणार नाही, या विचाराने उगाचच हसू आलं.

पाठीवर एका जागी तीन-चार खवले नव्हते. तस्करांकडून सोडवलं तेव्हा ते पोत्यात बांधलेलं होतं म्हणे. खवले केरॅटिनचे, म्हणजे आपल्या नखांचेच. औषध म्हणून त्यांची तस्करी चालते. आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं 2016 साली ठरलं, 2020 मध्ये चीननेही आपल्या अधिकृत औषधांच्या यादीतून खवले काढले, तरी पोती सापडतातच. वाघ समोर आला तर पळतील अशी माणसं याला सरळ उचलून नेतात, कारण घाबरलं की हे पळत नाही, गुंडाळी करून बसतं. सिंहाचे दात त्या गुंडाळीपुढे हरतात. माणसाला मात्र ते आयतं गाठोडंच मिळतं.

आत जाताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात, मास्क देतात. अनेकांना हा फाजीलपणा वाटला. मला नाही. बंदिस्त जागेत यांना फुप्फुसाचे आणि पोटाचे आजार पटकन होतात, आणि मुंग्या-वाळवी सोडून दुसरं काही खायला शिकवताना सांभाळणाऱ्यांची दमछाक होते. म्हणूनच 2023 मध्ये प्रागच्या प्राणिसंग्रहालयात चिनी खवले मांजराचं पिल्लू जन्मलं, युरोपातलं पहिलंच, तेव्हा एवढा गाजावाजा झाला. पण मग आपल्या त्या ताईचा मास्क अख्खा वेळ नाकाखाली का? माझ्या क्लिनिकमध्ये असं चालत नाही.

बाहेरच्या दुकानात खवल्याच्या आकाराच्या किल्लीसाखळ्या विकायला ठेवल्या आहेत. प्लास्टिकच्या आहेत, कबूल, पण हा आकार कुणाला कसा सुचला? मी तसं अभिप्राय वहीत लिहून आले.

पाचपैकी चार. अर्धा गुण मास्कचा कापला, अर्धा किल्लीसाखळीचा. जाणार असाल तर संध्याकाळची शेवटची वेळ घ्या, तेव्हा ते जागं असण्याची शक्यता जास्त. अत्तर लावून जाऊ नका, त्याचं सगळं जग नाकावर चालतं. आणि मुलांना घरीच सांगून ठेवा की मांडीवर मिळणार नाही. आमच्याकडे परतीच्या वाटेवर तासभर अबोला होता.