बी४५० टॉमाहॉक मॅक्स: ओव्हरक्लॉक फसल्यावर हा बोर्ड किती साथ देतो

डिसेंबरात जळगावात तासन् तास चाललेली ओव्हरक्लॉकची (प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याची) सेटिंग मे महिन्यात दुपारी दोनला कोसळते. खोलीचं तापमान २५ वरून ४० अंशांवर गेलं की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो, आणि एएमडीच्या रायझन ५ ३६०० या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी व्होल्टेजही जास्त लागतं. त्यात जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाचे बारीक तंतू कूलरच्या फटींत जाऊन बसतात. म्हणून खानदेशात मदरबोर्ड घेताना तो वेग किती देतो हे नंतर पाहावं, फसल्यावर किती सहज माघारी येतो हे आधी. एमएसआयचा २०१९ सालचा हा बोर्ड त्या बाबतीत आजही भरवशाचा आहे.

याची पहिली जमेची बाजू म्हणजे सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक एलईडी. डिस्प्ले येत नसेल तर आधी हे बघा. प्रोसेसरचा वेग किंवा व्होल्टेज चुकलं असेल तर बहुधा सीपीयूचा दिवा अडकतो, रॅमचं टायमिंग चुकलं असेल तर डीरॅमचा. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी तयार सेटिंग) हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे पुष्कळजण विसरतात. बोर्ड स्वतःच दोनतीनदा बंद-चालू होतो तेव्हा घाबरून मेन स्विच पाडू नका. तो रॅमशी जुळवून घेतोय, मिनिटभर थांबा. बरेचदा डीफॉल्टवर येऊन एफ१ दाबायला सांगतो आणि काम तिथेच संपतं.

तसं झालं नाही तर सीमॉस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग साठवणारी मेमरी, क्लिअर करा. एसएमपीएसचा (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायचा) स्विच बंद करून पिनकॉर्ड काढा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कपॅसिटरमधला उरलेला करंट निघून जातो. ही पायरी गाळली तर क्लिअर केलेलं कधीकधी लागूच होत नाही. आता जेबॅट१ असं छापलेल्या दोन पिना शोधा. स्क्रू ड्रायव्हरचं सपाट टोक दोन्ही पिनांना एकाच वेळी टेकवून पाच ते दहा सेकंद धरा. हात थरथरला तरी शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका. जंपर कॅप (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर तीच वापरा, पण चालू करण्याआधी आठवणीने काढा. पॉवर चालू असताना या पिना जोडायच्या नाहीत, बोर्ड कायमचा जाऊ शकतो. तरीही जमलं नाही तर सीआर२०३२ सेल काढून दहा मिनिटं ठेवा. सेल जुना असेल तर नवाच टाका, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये सहज मिळतो.

यानंतर होणारी एक हमखास चूक: केबल बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये लावून ‘बोर्ड गेला’ म्हणणं. ३६०० मध्ये ग्राफिक्स नाही, केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा.

सीमॉस क्लिअर झाल्यावर तारीख, फॅनच्या सेटिंग, एक्सएमपी, बूट मोड सगळं मूळ पदावर येतं. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल आणि बूट मोड बदलला तर डिस्क सापडणार नाही. मोड पूर्ववत करा, फॉरमॅट नको. ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्या कुलपाने) बंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, कारण फर्मवेअर टीपीएमची (त्या कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या भागाची) सेटिंगही बदललेली असते. ती की ओव्हरक्लॉक करायच्या आधीच कागदावर उतरवून ठेवा. नंतर शोधायला बसलात तर फार उशीर झालेला असतो.

बायोसच (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) बिघडलं तर मागचं फ्लॅश बायोस बटण कामी येतं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला एमएसआय.रॉम हे नाव द्या (पेन ड्राइव्हवर इंग्रजीतच), खूण केलेल्या पोर्टात लावा. फक्त २४ पिनी आणि ८ पिनी पॉवर जोडलेली असली तरी चालतं, प्रोसेसर किंवा रॅमचीही गरज नाही. फाइल ‘मॅक्स’चीच हवी, साध्या टॉमाहॉकची चालत नाही. साधारण पाच मिनिटं दिवा लुकलुकतो, तेवढ्यात लाईट जाता कामा नये. लोडशेडिंगच्या वेळा बघा, नाहीतर यूपीएस लावा.

विंडोज चालू झालं म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. अस्थिर रॅम फाइली नासवते. आधी डीआयएसएम, मग एसएफसी या विंडोजच्याच कमांडने सिस्टिम फाइली तपासा, आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदवहीत) डब्ल्यूएचईए लॉगरचा, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांचा, १८ क्रमांक दिसला तर प्रोसेसरचा कोअर डगमगतोय, मग वेग खाली आणा.

उणिवाही स्पष्ट आहेत. मागे सीमॉस क्लिअरचं बटण नाही, त्यामुळे दर वेळी कॅबिनेट उघडावं लागतं. बायोसची चिप एकच आहे, अंकी एरर कोड दाखवणारी पट्टी नाही. ३६०० सोबत आमचं मत असं की उन्हाळ्यात हाताने सगळ्या कोअरचा वेग वाढवूच नये, फायदा किरकोळ आणि उष्णता पुष्कळ. हिवाळ्यात करायचंच तर १.३ व्होल्टच्या आत राहा आणि २५-२५ मेगाहर्ट्झने चढा.

सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच जेबॅट१ च्या पिना सरळ आहेत का पाहा, आणि पेन ड्राइव्हवर योग्य फाइल घेऊन फ्लॅश बटण दाबल्यावर दिवा लुकलुकतो का हे पाहूनच पैसे द्या.