पेट्रोल की इलेक्ट्रिक? नाशिककरांचं त्रांगडं

रोजचं जाणं-येणं गंगापूर रोड ते सातपूर एवढंच असेल, तर इलेक्ट्रिक कारला तोड नाही. घरच्या विजेवर किलोमीटरला दीड-दोन रुपये. पेट्रोल लिटरला 100 च्या वर, म्हणजे सहा-सात रुपये सहज.

मुंबईचं गणित वेगळं. जाताना कसारा घाट उतरताना बॅटरीत थोडी भरच पडते, तेवढीच गंमत. परतीला तोच चढ, एसी चालू, टक्के भराभर उतरतात आणि ड्रायव्हरची नजर रस्त्यापेक्षा आकड्यावर! पेट्रोलवाला पाच मिनिटांत टाकी भरून पुढे. फास्ट चार्जरवरही अर्धा-पाऊण तास जातो, तोही रांग नसेल तर. सारखी मुंबई करणाऱ्याला मी तरी सध्या पेट्रोलच सुचवेन.

आणि सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जर बसवू दिला नाही, तर दीड रुपयाचा हिशेब कागदावरच.