डोकं दुखायचं, दोष मानेचा निघाला (कोथरूडमधलं फिजिओ क्लिनिक)
दीड वर्ष मायग्रेन समजून गोळ्या खाल्ल्या, चष्म्याचा नंबरही तपासून झाला, पण दुखायचं कायम उजवीकडेच, मानेच्या मागून सुरू होऊन थेट डोळ्यामागे. इथल्या फिजिओ मॅडमनी कवटीखाली अंगठा दाबला आणि तीच कळ डोळ्यात गेली ना! म्हणाल्या मानेतल्या वरच्या 3 नसा आणि चेहऱ्याची नस आत एकाच ठिकाणी जुळतात, म्हणून दुखणं मानेचं आणि बोंब डोक्याची. हाताने सांधे मोकळे केले, हनुवटी आत ओढायचा व्यायाम दिला (डबल चिन बघून बायको अजून हसते), लॅपटॉपखाली स्टँड घ्यायला लावला. 6 आठवड्यांत गोळी जवळपास सुटली. अपॉइंटमेंट असून पाऊण तास बसवतात मात्र, आणि पार्किंगच्या नावाने शंख.