घाम मोजणाऱ्या पट्टीचे परीक्षण: मिठासाठी उपयुक्त, पाण्यासाठी वजनकाटाच बरा

व्यायाम करताना किती घाम येतो आणि त्यातून किती मीठ जाते हे मोजून देणाऱ्या चिकटपट्ट्या आता सर्वसामान्य धावपटूंना आणि सायकलपटूंनाही मिळू लागल्या आहेत. त्यांपैकी एक पट्टी मी आणि माझ्यासोबत धावणारा मित्र वेगवेगळ्या हवामानांत वापरत आहोत. आम्ही एकाच वेगाने, एकाच रस्त्याने धावतो, तरी तो घामाने निथळत असतो आणि माझी पाठ जेमतेम ओली झालेली असते. ही तफावत नेमकी कशाची, हे समजून घेण्यासाठी आम्ही पट्टी वापरायला घेतली. माझे मत आधीच सांगतो: घामातील मिठाचा अंदाज घेण्यासाठी ही पट्टी खरोखर उपयोगी आहे, घामाचे प्रमाण मोजण्यासाठी साधा वजनकाटा तिच्यापेक्षा अधिक भरवशाचा आहे, आणि तिच्यासोबतच्या अ‍ॅपचा पाणी पिण्याविषयीचा सल्ला जसाच्या तसा पाळू नये.

पट्टी पातळ आणि लवचिक असून ती मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, हाताच्या आतल्या बाजूला लावायची असते. तिच्या तळाशी बारीक छिद्रे आहेत. त्यांतून आत शिरलेला घाम केसासारख्या बारीक, नागमोडी नळ्यांमधून पुढे सरकतो. एका नळीत तो नारिंगी होतो आणि नारिंगी रेघ कुठवर पोहोचली यावरून घामाचा वेग कळतो. मीठ सोडियम आणि क्लोराइड या दोन घटकांचे बनलेले असते. दुसऱ्या नळीतील रसायनाचा घामातील क्लोराइडशी संयोग होऊन जांभळा रंग तयार होतो आणि त्याच्या गडदपणावरून मिठाचे प्रमाण काढले जाते. व्यायाम संपल्यावर फोनने पट्टीचा फोटो काढला की उरलेला हिशेब अ‍ॅप करते. यात बॅटरी नाही, तारा नाहीत, चार्जिंग नाही. या तंत्रामागे गंभीर संशोधन आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जॉन रॉजर्स यांच्या संशोधकगटाने अशा प्रकारच्या मऊ पट्टीचे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध केले होते.

पट्टी लावण्यात मात्र काळजी घ्यावी लागते. त्वचेवर तेल किंवा सनस्क्रीन असेल, किंवा हातावर दाट केस असतील, तर कडा सुटते आणि बाहेरचा घाम आत झिरपून मोजमाप बिघडते. फोटो सावलीत, सारख्या प्रकाशात काढावा लागतो, कारण उन्हाची तिरीप पडली की जांभळा रंग फिकट दिसतो. याहून मोठी अडचण मित्राच्या हातावर दिसली. धावणे संपायच्या बरेच आधी त्याची नारिंगी रेघ नळीच्या शेवटच्या वळणापर्यंत जाऊन थांबली होती, तर माझी त्या वेळी निम्म्यावरही आली नव्हती. नळी भरल्यानंतर आलेला घाम मोजलाच जात नाही. ज्यांना सर्वाधिक घाम येतो त्यांनाच या मोजमापाची सर्वाधिक गरज असते, आणि पट्टी नेमकी त्यांच्याच बाबतीत अपुरी पडते.

आता तफावतीच्या कारणांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण अ‍ॅपमधील स्पष्टीकरण फार त्रोटक आहे. माणसाच्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. मात्र दोन माणसांच्या घामातील फरक ग्रंथींच्या संख्येपेक्षा प्रत्येक ग्रंथी किती घाम सोडते यावर जास्त अवलंबून असतो. स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. त्यामुळे जड शरीराचा माणूस हलक्या माणसाच्याच वेगाने धावला, तरी त्याच्या अंगात अधिक उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर टाकण्यासाठी त्याला अधिक घाम यावा लागतो. स्त्रियांना सरासरीने कमी घाम येतो, त्यामागेही शरीराचा आकार आणि निर्माण होणारी उष्णता यांचा वाटा मोठा आहे. आनुवंशिकता, हवेतील दमटपणा आणि कपडे यांचा परिणाम यावर आणखी होतो. सर्वसाधारणपणे व्यायामात ताशी अर्धा ते दोन लिटर घाम जातो, पण १९८४ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनच्या तयारीत अल्बर्टो सालाझार या धावपटूचा घाम ताशी सुमारे ३.७ लिटर भरला होता.

म्हणूनच जास्त घाम येणे हे तब्येत कमजोर असल्याचे लक्षण मानू नये. उलट नियमित व्यायाम करणाऱ्याला घाम लवकर सुटतो आणि जास्तही येतो. उष्ण हवेत दहा ते चौदा दिवस सराव केला की हा बदल स्पष्ट दिसू लागतो. घाम जास्त म्हणजे चरबी जास्त जळाली, हा समजही खरा नाही. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते, पण ती आधीच निर्माण झालेली उष्णता असते, आणि जो घाम वाफ न होता जमिनीवर ठिबकतो तो तर अंग थंडही करत नाही. इतके असताना अ‍ॅपने आपल्या घामाची तुलना इतर वापरणाऱ्यांशी करून दाखवावी, हे मला मुळीच पटलेले नाही. त्या आलेखात वर किंवा खाली असण्याला कसलाही अर्थ नाही.

घामाचे प्रमाण सांगताना पट्टीची मूळ मर्यादा अशी की ती हाताच्या एका छोट्या तुकड्यावरून संपूर्ण शरीराचा अंदाज बांधते. पाठ, कपाळ, हात, मांड्या या सर्व ठिकाणी घामाचा वेग वेगवेगळा असतो आणि ही ठेवण प्रत्येकाची निराळी असते. कोरड्या हवेत एकसारख्या वेगाने धावलो तेव्हा पट्टीचा आकडा वजनकाट्याच्या जवळ आला, पण दमट दिवसांत तो बराच कमी भरला. वजनाची रीत सोपी आहे. व्यायामाआधी आणि नंतर अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करावे, जितके कमी झाले त्यात प्यायलेले पाणी मिळवावे, आणि मध्ये लघवी झाली असल्यास तेवढी वजा करावी. एका तासाच्या धावण्यात मित्राचे वजन ८४.० किलोवरून ८२.८ वर आले आणि त्याने अर्धा लिटर पाणी प्यायले होते, म्हणजे घाम सुमारे १.७ लिटर गेला. याच रीतीने माझा घाम ०.८ लिटर निघाला.

मिठाच्या बाबतीत मात्र वजनकाटा काहीच सांगू शकत नाही, आणि पट्टीचे खरे मोल इथेच आहे. घामातील सोडियमचे प्रमाण माणसागणिक फार बदलते. ते लिटरमागे १० मिलिमोलपासून ९० मिलिमोलपर्यंत असू शकते (एक मिलिमोल सोडियम म्हणजे सुमारे २३ मिलिग्रॅम). पट्टीनुसार मित्राच्या घामात लिटरमागे ३० मिलिमोल सोडियम होते आणि माझ्या घामात ६०. माझ्या गडद टोपीच्या काठावर वाळल्यानंतर जी पांढरी, खरखरीत कड उमटते तिचा उलगडा यातून झाला, कारण त्याची टोपी चिंब भिजूनही डागाविना वाळते. दोघांचा ताशी हिशेब केला तर त्याचे सोडियम सुमारे १,१७० मिलिग्रॅम गेले आणि माझे सुमारे १,१०० मिलिग्रॅम. दिसायला मी जवळजवळ कोरडा आणि तो घामाघूम, पण गमावलेले मीठ जवळपास सारखेच! केवळ भिजलेल्या कपड्यांवरून हे कधीच कळले नसते.

हा आकडाही कायमचा मानू नये. घाम ग्रंथीच्या नळीतून वर येताना शरीर त्यातील बरेचसे सोडियम परत शोषून घेते. घामाचा वेग वाढला की या शोषणाला वेळ कमी मिळतो आणि घाम अधिक खारट होतो, तर उष्णतेची सवय झाली की हे शोषण वाढते आणि घाम पातळ होतो. शिवाय पट्टी मोजते क्लोराइड आणि सांगते सोडियम. ही दोन्ही बहुधा सोबतच कमी-अधिक होतात, तरी तो अंदाजच असतो. असे असताना अ‍ॅप एकच ठाम आकडा दाखवते, त्याभोवतीची शक्यतेची मर्यादा दाखवत नाही, ही या उत्पादनातील सहज दूर करता येण्याजोगी उणीव आहे. पेटक्यांचे सारे खापर मिठावर फोडणारा माहितीपत्रकातील मजकूरही एकतर्फी आहे, कारण स्नायूंचा थकवा हेही त्याचे महत्त्वाचे कारण मानले जाते.

माझा सर्वात गंभीर आक्षेप पाण्याच्या सल्ल्यावर आहे. जितका घाम गेला तितके पाणी व्यायाम चालू असतानाच प्यावे, असे अ‍ॅप सुचवते. वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांहून अधिक पाणी कमी झाले तर, विशेषतः उष्ण हवेत, दमश्वासाची क्षमता घटू शकते, हे खरे. पण थोडीशी घट शरीर सहज सोसते, आणि अंदाज चुकून गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले गेले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले होते, आणि शर्यतीत वजन वाढणे हा त्याच्याशी निगडित सर्वात ठळक घटक होता. ज्या पट्टीचा आकडा हवामानानुसार चुकू शकतो तिच्या आधारे पूर्ण भरपाईचा सल्ला देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

तासाभराच्या आतला व्यायाम करणाऱ्यांना या पट्टीची गरज नाही. लांब पल्ल्याचे धावणे किंवा सायकलिंग करणाऱ्यांनी एक पट्टी थंड हवेत आणि एक उष्ण हवेत, शर्यतीच्या वेगाने व्यायाम करताना वापरावी, मिठाचे दोन आकडे टिपून ठेवावेत, आणि पुढे वजनकाट्यावर भागवावे. प्रत्येक पट्टी एकदाच वापरता येते, त्यामुळे रोजच्या सरावासाठी तिच्यावर खर्च करत राहण्यात अर्थ नाही. हिला वैद्यकीय चाचणी समजू नये. काही कारण नसताना घाम अचानक वाढला, रात्री झोपेत येऊ लागला, किंवा उन्हात व्यायाम करूनही अंग कोरडेच राहू लागले, तर पट्टी न लावता डॉक्टरांकडे जावे.