एसके स्टँडर्ड प्लस पॉइंट टू-टू: गोव्याच्या गरमीत दोन वर्षं वापरून

आधीच सांगतो, मी काय मोठा नेमबाज नव्हे, ५० मीटर प्रोनवाला (पालथं पडून रायफल मारणारा) आहे, राहतो म्हापशाला, स्टेट स्पर्धेपर्यंत पोचतो आणि तिथं धडपडतो. दोन वर्षं प्रॅक्टिसला हेच पॉइंट टू-टू (०.२२ इंच) रायफलचं काडतूस वापरतोय म्हणून लिहायला बसलो, कारण दुकानात किंवा क्लबात कुणालाही विचारलं की "मस्त आहे रे, घे" एवढंच ऐकायला मिळतं.

माल जर्मनीचा, शोनेबेकच्या फॅक्टरीतला, लापुआ या नावाजलेल्या कंपनीचं पॉइंट टू-टू पण तिथंच बनतं. बॉक्समध्ये ५० राऊंड, गोळी ४० ग्रेनची म्हणजे २.५९ ग्रॅम, वेग ३२७ मीटर पर सेकंद, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खाली, आणि ते मुद्दामच ठेवलेलं असतं कारण मधेच आवाजाच्या वेगाखाली उतरणारी गोळी थोडी डगमगते. टेनेक्ससारखं (मॅचचं महागडं काडतूस) भारी नाही पण रोज टेनेक्स मारायला आपल्या घरी काय काजूची बागायत नाही.

आता मेन विषय. जानेवारीत मॅचला पुण्याला बालेवाडीला गेलो, फोंडाघाट चढून राधानगरी-कोल्हापूर करत (राधानगरी आली की गाडीत कांबळवाडीचा विषय निघतोच, तिथल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ काढलं तेव्हापासून). गोव्यात झिरो केलेला (नेमाची सायट गोळी पडते तिथं जुळवून) दुपारी, घामानं जॅकेट आतून ओलं, ३२-३३ डिग्री असेल. बालेवाडीला सकाळी बोटं वाजत होती थंडीनं. सायटरच्या (मोजणीआधीच्या सरावाच्या) पहिल्या पाच गोळ्या मारल्या तर ग्रुप (भोकांचा पुंजका) छान बारीक, पण अख्खा ग्रुप खाली, जवळजवळ अर्धा सेंटिमीटर. मला वाटलं सायट हलली प्रवासात, स्क्रू तपासले, मग कोच सर म्हणाले, "अरे सायट नाही, पावडर थंड पडलीय तुझी, क्लिक वर घे आणि मार." (क्लिक म्हणजे सायट फिरवायचा एक टप्पा.)

गणित साधं आहे. ५० मीटरवर पोचेपर्यंत गोळी जवळपास १२ सेंटिमीटर खाली येते, वेग एक टक्का कमी झाला की ती अजून अडीच मिलिमीटर खाली. पावडर थंड असली की हळू जळते, प्रेशर कमी, वेग कमी, त्यात थंड हवा जरा जड. दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे मधोमध बसणारी गोळी अर्धा सेंटिमीटर घसरली तर गुण १०.९ चे (हेच सगळ्यात जास्त) १०.३ होतात, आणि मुळातच खाली जाणारी सरळ नऊमध्ये. हा काडतुसाचा दोष नाही म्हणत मी, कुठलंही घेतलं तरी कमीजास्त हे होणारच, उलट ग्रुप फुटला नाही, एकगठ्ठा खाली गेला, क्लिक वर घेतल्यावर परत मधे आला, माझ्या मते हीच याची खरी परीक्षा होती.

माझा एक मित्र ऑस्ट्रेलियात सेंटरफायर (प्रायमर मधोमध असलेली काडतुसं) मारतो, तो घरी स्वतःची काडतुसं भरतो, तिथं एक पावडर मिळते जी गरमी-थंडीत फार हलत नाही, अमेरिकेत ती व्हारगेट नावानं विकतात, पण गंमत म्हणजे बनते ऑस्ट्रेलियातल्याच मुलवालाच्या फॅक्टरीत आणि तिथं तिचं नाव एआर २२०८. तो फोनवर पावडरवर अर्धा तास बोलतो. आपलं तसं नाही, पॉइंट टू-टूला प्रायमर (ठिणगी पाडणारा मसाला) केसच्या म्हणजे पितळी नळीच्या कडेतच असतो, परत भरणं नाहीच, पावडर कुठली ते फॅक्टरी ठरवते. आपल्या हातात काय, तर बॉक्स कुठं ठेवायचा एवढंच.

आणि तिथंच मी शेण खाल्लं. गेल्या मे महिन्यात दोन बॉक्स गाडीच्या डिकीत राहिले, दुपारभर उन्हात. या गोळ्यांना बाहेरून ग्रीससारखं वंगण असतं, ते पातळ होऊन प्लास्टिकच्या ट्रेला चिकटलं, राऊंड काढला की बोटाला चिकट, एका बाजूला ग्रीसची गाठ आणि दुसऱ्या बाजूला कोरडं. मारून बघितले तर ग्रुप सुपारीचा नारळ झाला. लॉट (फॅक्टरीतली एकाच खेपेची बॅच) तोच, कपाटातले बॉक्स अगदी ठीक, त्यामुळे दोष कुणाचा ते कळलंच. आता पिकनिकचा छोटा कूलर घेतलाय, बर्फ अजिबात नाही, आतून पाणी सुटतं, नुसता सावलीपुरता. पावसात डब्यात सिलिकाच्या पुड्या.

अजून एक, लॉट नंबर बघून घ्या. एकदा दुसऱ्याच एका स्वस्त ब्रँडचे (नाव नको) वेगवेगळ्या लॉटचे बॉक्स एकत्र आले आणि एका कार्डावर (टार्गेटवर) दोन ग्रुप पडले, वर एक खाली एक, मी आपला श्वास तपासत बसलो. लायसन्सवर एंट्री होऊन माल आला की परत कोण बदलून देतोय.

प्रॅक्टिसला पाचात चार, मॅचला साडेतीन, आणि तेही सायटर मारताना घाई केली नाही तर. नवीन लॉटचे बॉक्स परवाच आलेत, सकाळी सातला पाच आणि दुपारी दोनला पाच अशी कार्डं मारून वहीत तापमान लिहून ठेवणार आहे, पाऊस उघडला की.