शस्त्रधारी चोरासमोर किती बळ वापरावे: नाशिकमधील व्यापाऱ्यांच्या एका कार्यशाळेचे परीक्षण

नाशिकमधील दुकानदार आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी गंगापूर रोडवरील एका सभागृहात भरणाऱ्या एकदिवसीय कार्यशाळेचे हे परीक्षण आहे. शस्त्र घेऊन आलेल्या चोराला दुकानातील आणि रस्त्यावरील माणसांनी कसे आवरावे, आणि ते करताना कायदा त्यांच्या पाठीशी कुठपर्यंत उभा राहतो, हा तिचा विषय आहे. सकाळी फौजदारी खटले चालवणारे एक वकील कायदा समजावून सांगतात आणि दुपारी पोलीस दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी प्रत्यक्ष सराव घेतात. मला काही गंभीर त्रुटीही सांगायच्या असल्यामुळे आयोजकांचे नाव येथे दिलेले नाही.

सकाळचे सत्र उत्कृष्ट होते. सराफ बाजार, मेन रोड आणि रविवार कारंजा या भागांत धंदा करणाऱ्यांमध्ये दोन परस्परविरोधी समजुती घट्ट रुजलेल्या आहेत. चोराला हात लावला की आपणच पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत अडकतो, असे काहींना वाटते. तर चोर एकदा हाती सापडला की त्याला कितीही चोप दिला तरी विचारणारे कोणी नसते, असे इतरांना वाटते. वकील महोदयांनी या दोन्ही समजुती भारतीय न्याय संहितेतील (जुन्या भारतीय दंड विधानाच्या जागी आलेल्या कायद्यातील) ३४ ते ४४ या कलमांच्या आधारे खोडून काढल्या. कलम ३५ नुसार बचावाचा हक्क केवळ स्वतःच्या शरीरापुरता किंवा स्वतःच्या मालापुरता नसतो. दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या रक्षणासाठी, तसेच चोरी, जबरी चोरी, आगळीक (मालाची नासधूस) किंवा फौजदारी अतिक्रमण यांपासून दुसऱ्याच्या मालमत्तेच्या रक्षणासाठीही तो वापरता येतो. म्हणजे शेजारच्या दुकानातील कामगार किंवा रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस मध्ये पडला, तर कायद्याच्या दृष्टीने तो आगंतुक ठरत नाही. त्याचबरोबर कलम ३७ या हक्काला कुंपण घालते: बचावासाठी जितकी इजा करणे आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत मिळवण्यास पुरेसा अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही.

यानंतर त्यांनी एकच प्रसंग टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवला, आणि माझ्या मते संपूर्ण दिवसातील तोच सर्वांत मोलाचा भाग होता. एक इसम कोयता घेऊन दुकानात शिरतो, काउंटरवरील मुलाच्या गळ्याशी कोयता धरतो आणि गल्ला उघडायला सांगतो. या क्षणी ही साधी चोरी राहिलेली नसून जबरी चोरी झालेली असते. कलम ३८ प्रमाणे मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणाऱ्या हल्ल्याविरुद्ध, आणि कलम ४१ प्रमाणे जबरी चोरीविरुद्ध, बचावाचा हक्क प्रसंगी हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही पोहोचतो. मागून कोणी लोखंडी स्टूल त्याच्या हातावर किंवा डोक्यात घातले आणि तो दगावला, तरी मारणाऱ्याला या कलमांचा आधार मिळू शकतो. शस्त्र खरे होते की खेळण्यातले, हा प्रश्न नंतर उपस्थित झाला तरी त्या क्षणी वाटलेली भीती वाजवी होती की नाही हेच पाहिले जाते. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले आहे, की ज्याच्यावर हल्ला होत आहे त्याने आपला प्रतिकार गणिती काटेकोरपणे मोजून करावा अशी अपेक्षा ठेवणे वास्तवाला धरून नाही. सोन्याच्या वजनावर संसार चालवणारे अनेक जण समोर बसले होते. इथे काटा इतका बारीक लावला जात नाही, हे ऐकून त्यांना बराच धीर आलेला दिसला.

पण प्रसंग तेथे थांबत नाही. कोयता हातातून निसटला आहे, तो इसम फरशीवर पडला आहे, दोघांनी त्याचे हात धरले आहेत आणि बाहेरून धावत आलेली माणसे त्याला लाथा घालू लागली आहेत. वकिलांनी इथे स्पष्ट शब्दांत सांगितले की आता भीती संपलेली आहे आणि भीतीसोबत हक्कही संपलेला आहे. कलम ४३ प्रमाणे जबरी चोरीविरुद्धचा हक्क तात्काळ मृत्यूची, दुखापतीची किंवा अडवून ठेवले जाण्याची भीती असेपर्यंतच टिकतो. त्यानंतरची प्रत्येक लाथ हा स्वतंत्र गुन्हा असतो, आणि समान उद्देशाने मारणाऱ्या प्रत्येकावर त्याची जबाबदारी येऊ शकते. येथे त्यांनी एक बारकावा सांगितला, जो मी यापूर्वी कोणाकडूनही ऐकलेला नव्हता. बचाव करताना एखाद्याने प्रामाणिकपणे आणि पूर्वनियोजनाशिवाय मर्यादा ओलांडली व त्यात मृत्यू झाला, तर कलम १०१ मधील अपवादामुळे तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. परंतु या सवलतीसाठी मुळात हक्क अस्तित्वात असावा लागतो. ज्याचे हात आधीच बांधलेले आहेत अशा माणसाला मारणाऱ्याने कोणती मर्यादा ओलांडली, हा प्रश्न उरतच नाही, कारण त्याच्याकडे ओलांडण्यासारखा हक्कच शिल्लक नसतो. ‘जमावाने बेदम चोप दिला’ हे वाक्य आपल्याकडे बातम्यांमध्ये जणू कौतुकाने छापले जाते, हे मला त्या वेळी तीव्रतेने जाणवले आणि खटकले.

रस्त्यावर मंगळसूत्र हिसकावून दुचाकीवरून पळणाऱ्यांविषयी मात्र अधिक वेळ द्यायला हवा होता, कारण नाशिककरांना हाच अनुभव कोयत्याहून अधिक वेळा येतो. नव्या संहितेच्या कलम ३०४ ने हिसकावून केलेली चोरी हा स्वतंत्र गुन्हा ठरवला असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. चोर निःशस्त्र असेल आणि कोणाच्या जिवाला धोका नसेल, तर त्याला अडवणे, धरणे, झटापटीत लागेल तेवढी इजा होणे हे क्षम्य आहे. मृत्यू घडवण्यापर्यंत जाणे क्षम्य नाही. मग भरधाव दुचाकीच्या चाकात काठी घालून मागे बसलेल्याला रस्त्यावर आपटवणे कोणत्या बाजूला येते, असा प्रश्न एका ज्येष्ठ सराफांनी विचारला. उत्तर प्रामाणिक होते: वेग, गर्दी आणि परिणामाची सहज येणारी कल्पना यांवर ते ठरेल, आणि गेलेल्या दागिन्यासाठी तो धोका पत्करू नये.

चोराला धरून ठेवण्याविषयीची माहिती थोडक्यात पण नेमकी होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्या समोर दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास कोणताही खाजगी माणूस अटक करू शकतो, मात्र विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. ११२ वर कळवणे, जखमी चोरासाठीही १०८ ची रुग्णवाहिका बोलावणे, शस्त्राला हात न लावणे आणि सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवणे, हा क्रम त्यांनी सर्वांकडून वदवून घेतला. आपण बचावातच वागलो हे दाखवण्याची जबाबदारी साक्ष अधिनियमानुसार आरोपीवर असते, त्यामुळे तेच चित्रण उद्या दुकानदाराच्याही कामी येते.

दुपारच्या सत्राविषयी माझे मत मिश्र आहे. रिकाम्या हातांनी कोयत्याला भिडू नये, आधी अंतर वाढवावे, मध्ये खुर्ची किंवा काउंटर ठेवावा, मारायचेच झाले तर शस्त्र धरलेल्या हातावर मारावे, आणि तो फक्त पैसे मागत असेल तर पैसे द्यावेत, हे सर्व लाकडी कोयत्याने उत्तम शिकवले गेले. निवृत्त अधिकाऱ्यांचा संयम आणि शिकवण्याची पद्धत दोन्ही आदर वाटावा अशी होती. तथापि सरावातील प्रत्येक फेरी चोर झालेला प्रशिक्षक खाली पडला की टाळ्यांच्या गजरात संपत होती. सकाळी ज्या क्षणाविषयी इतक्या काळजीने सांगितले गेले, तो क्षण दुपारी कोणी जगलाच नाही. पडलेल्याला दोघांनी कसे धरून ठेवायचे, तिसऱ्याने दारात उभे राहून बाहेरचा जमाव कसा रोखायचा, ‘पुरे, आता कोणी हात उचलायचा नाही’ हे मोठ्याने कोणी म्हणायचे, यांपैकी कशाचाही सराव झाला नाही. अंगावर प्रसंग आल्यावर माणूस वाचलेले कलम आठवत नाही, हातांना जे वळण लागले आहे तेच करतो. म्हणून ही उणीव मला किरकोळ वाटत नाही.

दुसरी त्रुटी हातात दिलेल्या पुस्तिकेची. तिच्यात अजूनही भारतीय दंड विधानाची ९६ ते १०६ ही कलमे छापलेली आहेत, तर १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आहे. शिवाय ‘जबरी चोरी’ आणि ‘दरोडा’ हे शब्द तिच्यात एकमेकांच्या जागी वापरले आहेत, वास्तविक दरोड्यासाठी किमान पाच जण असावे लागतात. वकिलांनी तोंडी दुरुस्त्या सांगितल्या, पण घरी नेऊन वाचणाऱ्या कामगाराच्या हाती चुकीचाच कागद राहतो.

पंचवटीतील व्यापाऱ्यांसाठी आणखी एक विषय आवश्यक आहे. २०२७ मध्ये सिंहस्थाची गर्दी रामकुंड परिसरात उसळेल, आणि त्या गर्दीत ‘चोर, चोर’ अशी आरोळी ठोकून माणसे धावू लागली तर किती जण पायाखाली जातील हे सांगता येत नाही. २००३ च्या सिंहस्थात येथेच झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता. अरुंद गल्लीत पाठलाग टाळून चोराचे वर्णन जवळच्या बंदोबस्तातील पोलिसाला देणे हाच तेथे योग्य उपाय ठरतो, आणि त्याचा कार्यशाळेत उल्लेखही नव्हता.

शुल्क वाजवी आहे, शिकवणारी माणसे जाणकार आहेत आणि प्रश्नांना टाळाटाळ होत नाही. मालकांनी स्वतः जाण्यापेक्षा काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना आणि रात्रीच्या पहारेकऱ्याला पाठवावे, असे मी सुचवेन. पुढील तुकडीत आमच्या दुकानातील सर्व कर्मचारी जातील. पुस्तिका नव्याने छापावी आणि चोर खाली पडल्यानंतरची पाच मिनिटे सरावात घ्यावीत, अशी लेखी विनंती मी आयोजकांना केली आहे.