विमान कंपनीवर केस टाकायला गेले आणि ४३,९४९ रुपये घालवून बसले

आकडा आधीच सांगून टाकते: ४३,९४९. नोटिशीचे २,४९९, केस दाखल करायचे ६,३००, समन्सचे १,८५० आणि शेवटचे ३३,३०० 'जीएसटी'चे. वीज कंपनीच्या हिशेब खात्यात २९ वर्षं काढलीत मी. लोकांच्या बिलातली पाच रुपयांची चूक माझ्या नजरेतून सुटायची नाही. हे अजून घरातल्या चौघांनाच माहीत आहे. जावेला कळलं तर तिला दिवाळीपर्यंत पुरेल.

सुरुवात विमानाने केली, हे मात्र लक्षात ठेवा. शनिवार, ७ डिसेंबर २०२४. संध्याकाळचं पुणे-नागपूर, दोघांची तिकिटं ११,२८० रुपयांची, दुसऱ्या दिवशी भाचीचा साखरपुडा. लोहगाव विमानतळावर आधी 'थोडा उशीर', मग दीड तास, मग तीन तास, मग गरम पाणी ओतायचा तो कपातला उपमा, आणि रात्री पावणेबाराला विमानच रद्द. कारण काय, तर 'ऑपरेशनल'. पुढचं विमान सोमवारी. काउंटरवरची मुलगी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, रिफंड घ्या नाहीतर क्रेडिट घ्या. भरपाईचं विचारलं तर म्हणे रिफंड घेतलात की विषय संपतो. रात्री बारानंतर गाडी करून नागपूर गाठेपर्यंत साखरपुडा उरकला असता, म्हणून मुकाट घरी आलो. सोहळा फोनवर पाहिला. ओटी भरायच्या वेळी गुरुजींनी विचारलं, "मुलीच्या आत्या कुठायत?" तेव्हा भावाने फोन उंच धरून दाखवला. तेवढ्याने माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

आणि विषय संपत नसतो. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे की आगाऊ न कळवता विमान रद्द केलं तर रिफंडच्या वर भरपाई द्यावी लागते. एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली जी रक्कम कमी असेल ती. वादळ, संप, दंगल अशी हाताबाहेरची कारणं असली तर सुटतात. आता 'ऑपरेशनल' म्हणजे नक्की काय, हे लेखी मागा. मला दोन ईमेलनंतरही 'आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' एवढंच आलं. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तीही 'निराकरण झाले' म्हणून परस्पर बंद. निराकरण कुणाचं?

त्या रागात मी फेसबुकवर लांबलचक लिहिलं. खाली मावसबहिणीने 'अकोल्याच्या पोरीशी पंगा!' अशी कमेंट टाकली. दुसऱ्याच दिवशी जाहिरात दिसायला लागली: विमान कंपनीकडून २ लाखांपर्यंत भरपाई, अनुभवी वकील, घरबसल्या. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पण माझंही जरा ऐकून घ्या. जाहिरातीतला माणूस वऱ्हाडी बोलत होता हो! "कायले टेन्शन घेता ताई, मी हाओ न इथं." फोन ठेवताना 'जय गजानन'. पुण्यात इतकी वर्षं राहून माहेरची बोली फोनवर ऐकली की माणूस सैल होतो. ती कमेंट वाचूनच त्याने वऱ्हाडी बोली धरली असेल, हे आत्ता सुचतंय. बरं, मी आंधळेपणाने गेले नाही. वकिलीच्या सनदेचा फोटो मागितला, तो आला. नोटिशीची प्रतही आली, चार पानी, कलमांसकट. ती कंपनीला कधी पोहोचलीच नाही, हे नंतरचं.

पुढे कळलं की आपल्याकडे वकिलांना अशी जाहिरात करायलाच बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे. म्हणजे जाहिरात दिसली तिथेच खेळ संपायला हवा होता. आणि नोटीस तर साध्या कागदावर लिहून स्पीड पोस्टाने आपली आपण पाठवता येते. तिला २,४९९ कशाला?

जानेवारीत ६,३०० पाठवताना मी मेथी निवडत होते. पैसे पाठवायच्या स्क्रीनवर नाव आलं, कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. मी विचारलंसुद्धा. म्हणाला, "आपल्या क्लार्कच्या भावाचं खातं हाय, ताई." वकिलाची फी मोबाइलच्या दुकानात जाते आणि मी ओला अंगठा पदराला पुसून पिन टाकते! ग्राहक आयोगात केस टाकायची फी किती असते, माहितीये? दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शून्य. आमची ११,२८०. एका फोनचं काम होतं, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, विचारलं असतं तर कळलं असतं. नाही विचारलं. समन्सचे १,८५० तर मी मागचा-पुढचा विचारही न करता दिले.

पण खरी लाज वाटते ती १६ फेब्रुवारीची. संकष्टी होती. चंद्रोदय उशिराचा, मोदक झाकून ठेवलेले, मी दर दहा मिनिटांनी गॅलरीत जाऊन बघतेय. सात वाजता त्याचा फोन आला, कंपनी तडजोडीला तयार झाली, १,८५,००० रुपये. मागोमाग आदेशाची पीडीएफ. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का, तारीख १६/०२/२०२५. रक्कम सुटण्याआधी १८ टक्के जीएसटी भरायचा. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. ३३,३००, बरोबर! हिशेब जुळला म्हणून मला समाधान वाटलं. समाधान! टक्केवारी तपासली आणि तारीख तपासली नाही. चंद्र दिसला, अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला आणि ३३,३०० रुपये पाठवून उपास सोडला. रविवार होता तो. समोर भिंतीवर कालनिर्णय, चंद्रोदयाची वेळ बघायला दिवसभरात सहा वेळा त्याच चौकटीत नजर गेली होती. लाल अक्षरांतला रविवार. रविवारी कुठलं कोर्ट आदेश काढतं?

शिक्क्यावर 'जिल्हा ग्राहक तक्रार निवारण मंच' लिहिलं होतं. २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाल्यापासून त्याला 'आयोग' म्हणतात, त्या चोरांनी शिक्कासुद्धा जुना वापरला. आणि जानेवारीत दाखल केलेल्या केसचा फेब्रुवारीत निकाल! आमच्या सोसायटीची पार्किंगची केस सहा वर्षं चालली आहे. भरपाई मिळण्याआधी कर भरा, टीडीएस भरा, 'फाइल' सोडवा असं कुणीही म्हटलं की फोन ठेवा.

टीडीएसचे १८,५०० त्याने मागितलेच. महाशिवरात्रीला, २६ तारखेला, मुलगा सुट्टीवर घरी होता. त्याला म्हटलं, तुझ्या खात्यातून पाठव. त्याने पीडीएफ उघडली, अर्धा मिनिट पाहिली आणि म्हणाला, "आई, हा रविवार आहे." बास, एवढंच. पुढे साबुदाणा गिळवला नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तो दहाव्या दिवशी. हा नंबर पहिल्या तासाला लावायचा असतो. समोरच्या खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात. आमच्या वेळेला खातं केव्हाच रिकामं झालेलं. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. यात त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, पण खुर्ची तरी द्यायची होती.

चौकीची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या दिवशी, साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, हे सायबरचं काम, तिकडे जा. तिकडे गेले तर रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीत द्या. परत हद्दीत आले. मी सांगितलं की १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी खबर घ्यावी लागते. तो हवालदार हसला. "मॅडम, एवढं वाचलेलं दिसतंय, मग फसलात कशा?" बाकावरचे दोघे-तिघेही हसले. हे विचारायला सरकार त्याला पगार देतं का? चौथ्या खेपेला एक साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. पोच मागितली तर माझ्याच झेरॉक्सवर शिक्का मारला, आणि तो इतका पुसट की तारीख वाचता येत नाही. मी स्क्रीनशॉटची एकोणीस पानं छापून नेली होती, त्यातलं एकही कुणी उलटलं नाही. चोराने निदान ताई तरी म्हटलं होतं.

एप्रिलमध्ये नव्या नंबरवरून फोन आला. 'सायबर रिकव्हरी विभाग', तुमचे बुडालेले ४३,९४९ परत मिळवून देतो, प्रोसेसिंग १,९९९. आकडा रुपयापर्यंत बरोबर. एकदा फसलेल्यांच्या याद्या हे लोक आपसात विकतात म्हणे. या वेळी मी कॅल्क्युलेटर काढला नाही.

विमान कंपनीला सोडलेलं नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत. २०१९ च्या कायद्याने केस आपण राहतो त्या जिल्ह्यातच टाकता येते, कंपनीच्या अटींत दिल्ली लिहिलेली असो की आणखी काही. वकील लागत नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरून अर्ज भरता येतो. तिकिटं, रद्द झाल्याचा एसएमएस, ईमेल, सगळं जपून ठेवा. त्या उपम्याच्या कपाचा फोटोही मी जोडलाय, मुलगा नको म्हणत असताना. काल प्रतिज्ञापत्र नोटरी केलं, २०० रुपये. पावती मागितली. पावतीबुक शोधायला त्याला दहा मिनिटं लागली. मी थांबले.